माझ्या वजनासकट

बंद पडलेल्या सरकत्या जिन्यावर पाय ठेवताना शरीराला जो झोका बसतो, त्याचे स्पष्टीकरण मला ठाऊक आहे. जिना थांबलेला आहे हे डोळ्यांना दिसते, मेंदूला पटते, आणि तरीही पाय वर्षानुवर्षे गिरवलेला धडा आपल्या मनानेच म्हणू लागतात. शरीर येऊ घातलेल्या गतीसाठी किंचित पुढे झुकते, गती येत नाही, आणि माणूस क्षणभर स्वतःलाच धडकल्यासारखा होतो. हे सर्वांना होते. तरुणांना होते, कसरतपटूंना होते. त्यात वय किंवा आजार शोधण्याचे कारण नाही. हे सगळे मला त्या सकाळी भुयारी स्थानकाच्या जिन्यावर पहिले पाऊल टाकण्याआधीही ठाऊक होते, आणि पाऊल टाकल्यावर मी शेजारून चढणाऱ्या एका अनोळखी बाईची बाही मुठीत पकडली, हेही तितकेच खरे आहे. "सावकाश, काका," ती म्हणाली. तिने हात झटकला नाही, रागावलीही नाही. मी बाही सोडेपर्यंत ती त्या पायरीवर नुसती उभी राहिली, रस्ता ओलांडणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्यासाठी गाडी थांबवावी तशी. मी आभार मानले, जिना बंद ठेवणाऱ्यांबद्दल काहीतरी कडवट बोललो आणि उरलेल्या पायऱ्या कठड्याला हात न लावता चढलो. वर आल्यावर ध्यानात आले, की हात न लावण्यावर मी इतके लक्ष एकवटले होते की श्वास घ्यायचा राहून गेला होता. स्पष्टीकरण जागच्या जागी शाबूत होते. मात्र उपयोगी पडली होती ती बाही.

मी बोट बघायला निघालो होतो. नातवंडांना शिडाची होडी चालवायला शिकवायची ही कल्पना माझी, आणि "तुम्ही स्वतः त्यांच्याबरोबर बोटीत असाल तरच," ही अट माझ्या लेकीची. लेक दंतवैद्य आहे. समोरच्या माणसाला तोंड उघडे ठेवावे लागत असल्याने तिच्या बोलण्याला सहसा उत्तर येत नाही, आणि ती सवय तिने घरीही आणली आहे. नात दहा वर्षांची. कुठल्याही विधानाला पुरावा मागते म्हणून घरात तिला वकीलबाई म्हणतात. हा गुण तिने माझ्याकडून उचलला असे माझ्या पत्नीचे म्हणणे आहे, आणि ते ती कौतुकाने म्हणत नाही. नातू तिच्याहून तीन वर्षांनी लहान, गोलमटोल, शांत. त्याला सगळे ढब्बू म्हणतात आणि तोही स्वतःची ओळख ढब्बू अशीच करून देतो. लेकीची अट मला मान्य होती. खरे सांगायचे तर सुखावणारी होती. नोकरी संपल्यापासून माझ्या हजेरीवाचून एखादी गोष्ट अडावी असे फारसे घडले नव्हते. मी अभ्यासाला लागलो. मुलांसाठी पहिली बोट कशी असावी, या प्रश्नावर जगात जितकी मते आहेत तितक्या बोटी नाहीत. मी मते बाजूला ठेवली आणि आकडे घेतले: लांबी, रुंदी, शिडाचे क्षेत्रफळ, आत बसणाऱ्यांचे वजन, किती कलल्यावर काठावरून पाणी आत येईल. एक मोठे वजन आणि दोन लहान. उत्तर दरवेळी एकाच दिशेला जाई: रुंद, जड, तळाशी लोखंडी पाते असलेली, कलंडायला सहजी तयार न होणारी बोट. हे उत्तर मला फार आवडले होते. आवडलेल्या उत्तराकडे अधिक संशयाने पाहावे हे मी इतरांना शिकवले आहे. आता स्थानकापासून गोदीपर्यंतच्या रस्त्याने, लोखंडी पत्र्यांच्या कुंपणाकडेने चालताना, त्या गणितातला मोठा आकडा जागेवरून किंचित हलल्यासारखा वाटत होता. बाकी सारे आकडे ठीक होते.

बोटींचा दलाल पूर्वी फर्निचर विकत असे. हे त्याने न विचारता सांगितले, आणि सांगितले नसते तरी कळले असते. "साहेब, ही बोट नाही, हा दिवाणखाना आहे," तो म्हणाला आणि लाकडी घोड्यांवर चढवून ठेवलेल्या निळ्या बोटीच्या पोटावर त्याने थाप मारली. मी विचारले, किती अंशांपर्यंत कलू शकते. त्याने अंश हा शब्द हवेतच झेलला आणि बाजूला ठेवून दिला. "उलटण्याचं नाव काढू नका. माझ्या सासूबाईंना बसवून आणलंय हिच्यात. वारा होता, लाटा होत्या, सासूबाई होत्या. हलली नाही." मी शिडीने वर चढलो आणि सुकाणूपाशी बसलो. उन्हाने तापलेल्या रंगाचा, जुन्या दोरांचा, कुठेतरी साठून राहिलेल्या पाण्याचा वास होता. सुकाणूचा दांडा हाताला गुळगुळीत लागला. मी मनातल्या मनात मुलांना बसवले: एक इथे, एक तिथे, दोघेही माझ्या हाताच्या टप्प्यात, जवळजवळ माझ्या गुडघ्यांच्या कंसात. आकृती सुबक होती. खाली उतरताना मात्र शिडीची शेवटची पायरी जमिनीपासून जरा उंच निघाली, आणि दलालाने पुढे केलेला हात मी नको म्हणण्याच्या आत घेतलेला होता. ते विसरावे म्हणून मी कोपऱ्याकडे बोट दाखवले. तिथे पांढऱ्या, चपट्या नाकाच्या, पेटीसारख्या चिमुकल्या होड्या एकीत एक घालून रचल्या होत्या. "आणि त्या?"

"त्या होय? त्या पोरांच्या. त्यात तुमचा एक पाय मावेल, दुसरा घरी ठेवावा लागेल," तो म्हणाला. "शाळावाले नेतात. झुळूक आली की उलटतात. पोरं पाण्यात पडतात, हसतात, परत सरळ करतात, परत उलटतात. दिवसभर हेच. बोट म्हणायचं जिवावर येतं." एखाद्या तिपाईला खुर्ची म्हणण्याची वेळ यावी तसा त्याचा चेहरा झाला. मी निळीबद्दल उद्या कळवतो म्हणालो. त्याने माझा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला, आणि वाक्य पुरे झाल्यावरही किंचित धरून ठेवला.

परतीच्या बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली आणि मामा आठवले. मला होडी मामांनी शिकवली, असे मी आजवर सांगत आलो आहे. मामा फोटोग्राफर होते. त्यांच्या बोटांना अंधाऱ्या खोलीतल्या रसायनांचा आंबूस वास असे आणि नखे कायमची पिवळट झालेली असत. सुटीत ते मला नदीच्या मुखाशी घेऊन जात. त्यांची बोट जाड फळ्यांची आणि गंभीर स्वभावाची होती. मी सुकाणू धरी, आणि माझ्या हातावर मामांचा तळवा असे. "आता तू चालवतोयस बरं का," ते म्हणत. माझा विश्वास बसे. डावीकडे, उजवीकडे, वाऱ्याला नाक, वाऱ्याला पाठ. सगळे मला येते असे मी शाळेत सांगत असे, आणि ते खोटे नव्हते, कारण माझ्या हाताला ते सारे घडताना जाणवलेले असे. मला जे येत होते ते म्हणजे मामांच्या तळव्याचा दाब ओळखणे. एकदा मामा विसरलेली टोपी आणायला धक्क्यावर उतरले. दोर नीट बांधलेला नसावा. बोट माझ्यासकट हळूच धक्क्यापासून सुटली, शीड भरले, आणि माझ्या हातातला दांडा थरथरू लागला. इतक्या सुट्यांमध्ये तो थरथरतो हे मला कळले नव्हते. ती सारी थरथर मामांच्या तळव्यात जिरत असे. मी काहीतरी केले. काय केले ते सांगता येणार नाही, पण बोट वळली, आणखी वळली, आणि किनाऱ्याच्या गाळात जाऊन रुतली. मामा कपड्यांनिशी पाण्यात धावत आले. रागावले नाहीत, त्यांचा चेहरा त्यांच्याच एखाद्या फिकट उठलेल्या फोटोसारखा झाला होता. बोटीत चढून त्यांनी तळवा पुन्हा माझ्या हातावर ठेवला, आणि त्यानंतर ते कधीही मला बोटीत सोडून उतरले नाहीत. तळवा परत आला तेव्हा मला केवढे हायसे वाटले होते. ते हायसे वाटणेच मी आठवणीत जपले. थरथर बसच्या खिडकीच्या काचेमुळे आठवली. ती माझ्या कपाळाखाली बारीक थरथरत होती.

"काय झालं?" घरात शिरताच हिने विचारले. काही नाही, मी म्हणालो. "मग आत येऊन बूट घालूनच का बसलात?" ही मोठ्या रुग्णालयात परिचारिका होती, आणि माणूस काय सांगतो यापेक्षा कसा बसतो यावर तिचा भर असतो. मी जिन्याचा प्रसंग सांगितला; शरीराची सवय, मेंदूचा अंदाज, सर्वांनाच कसे होते, हे सगळे क्रमाने. तिने ऐकून घेतले. "स्पष्टीकरण नाही विचारलं मी. पडलात का?" नाही. "धरलंत कुणाला?" एका बाईला. "ओळखीची?" नाही. "मग हरकत नाही," ती म्हणाली, आणि मला स्वयंपाकघरात नेऊन ओट्यापाशी उभे केले. एक पाय उचला. उचलला. डोळे मिटा. मिटले. मिटल्याबरोबर खोलीने जागा बदलली. म्हणजे मी जागा बदलली. माझ्या कोपरांच्या दोन्ही बाजूंना, न टेकलेले, हिचे हात आहेत हे मला उबेवरून कळत होते. पाय खाली आला. "वयाच्या मानानं बरं आहे," ती म्हणाली. "बोटीच्या मानानं नाही."

"बोट रुंद आहे," मी म्हणालो.

"असेल की. तुम्ही पाण्यात पडलात तर ओढून कोण काढणार? ढब्बू?"

मी म्हणालो, लेकीला सांगू नकोस. ती म्हणाली, मी कशाला सांगू, मला दुसरी कामं आहेत. मग कांदा चिरता चिरता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "सांगितलंत तर ती मुलांना पाठवायची नाही, ही भीती ना?" तीच होती. अट स्पष्ट होती. मी बोटीत, तर मुले बोटीत. मी नाही, तर हा उन्हाळाही ती दोघे पडदे ओढलेल्या खोलीत चौकोनी पडद्याकडे बघत काढणार, पुढच्या उन्हाळ्यात वकीलबाईला मैत्रिणी जास्त महत्त्वाच्या होणार, आणि पाण्याची जी एकमेव विद्या मला थोडीफार येते ती माझ्याबरोबर संपणार. आणि मी बोटीत असलो तर? तर एखाद्या झुळकीला, एखाद्या चुकलेल्या पावलाला, दोन मुलांवर एका म्हाताऱ्याला वाचवण्याचे काम येणार. या दोहोंच्या मध्ये बसणारी बोट मी शोधत होतो, आणि ती जितकी सापडत नव्हती तितकी अधिक रुंद होत चालली होती.

मी आयुष्यभर वजने तपासली. प्रमाण वजनांच्या प्रयोगशाळेत, तळघरातल्या एका खोलीत, काचेच्या पेटीत ठेवलेल्या तराजूपुढे माझी नोकरी गेली. पुढे नव्हे, लांब. कारण माणसाचे शरीर ही एक छोटी भट्टी असते. तो खोलीत आला की त्याच्या उबेने हवा वर चढू लागते, पेटीतही तिचे अदृश्य झोत फिरतात, आणि तराजू वजनाचे नव्हे तर माणसाचे माप सांगू लागतो. म्हणून तराजू लांबून, लांब दांड्यांनी हाताळायचा, काटा दुर्बिणीतून वाचायचा, आणि खोलीत पाऊल टाकल्यावर सगळे निवेपर्यंत गप्प बसून राहायचे. नव्याने आलेल्यांना मी पहिल्याच दिवशी सांगत असे, की तुमच्या हातून होणारी पहिली चूक म्हणजे तुम्ही स्वतः. ते हसत. मग आठवडाभराने त्यांची मापे माझ्या मापांशी जुळेनात, की हसणे थांबे. कुणालाही हे पटायला वेळ लागतो, की मोजणाऱ्याचा हिशेब सगळ्यात आधी करायचा असतो आणि तो वजा करायचा असतो. निवृत्तीच्या दिवशी दिलेल्या भाषणातही मी हेच बोललो होतो, आणि ही पहिल्या रांगेत बसून जांभया देत होती.

रविवारी मुले आली. मी पातळ लाकडाची एक प्रतिकृती तयार करून ठेवली होती. निळ्या बोटीच्याच प्रमाणात, तळाशी पत्र्याचे छोटे पाते, कापडाचे शीड. न्हाणीघरातला मोठा टब भरला. पंखा दाराबाहेर स्टुलावर, पाण्यापासून सुरक्षित अंतरावर ठेवला, आणि ते अंतर हिने येऊन आणखी वाढवले. खेळण्याच्या मातीचे तीन गोळे केले: एक माझा, दोन त्यांचे, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून. मोठा गोळा वाऱ्याकडच्या काठावर बसवला, धाकटे दोन समोरासमोर मध्यात, आणि पंखा लावला. शीड फुगले, बोट किंचित कलली, आणि थांबली. पंखा वाढवला. आणखी कलली, थांबली. मला त्या थांबण्यात जे समाधान वाटले ते वैज्ञानिक नव्हते, हे आता कबूल करायला हरकत नाही. "बघा, उलटत नाही," मी म्हणालो.

"पंखा अजून मोठा होतो का?" वकीलबाईने विचारले.

"नाही."

"मग एवढ्या वाऱ्यात उलटत नाही, असं म्हणा."

मी तसे म्हणालो. तेवढ्यात ढब्बूने टबात हात घालून मोठा गोळा अलगद उचलला. "आता आजोबांना भूक लागली," तो म्हणाला. "आजोबा घरी गेले." त्याचे वाक्य पुरे होण्याआधी बोट आडवी झाली. शीड पाण्यावर चपटे पडले, आणि दोन धाकटे गोळे, काहीही न बोलता, टबाच्या तळाशी गेले. ढब्बू मनापासून हसला. त्याने मोठा गोळा टबाच्या काठावर वाळत घातल्यासारखा ठेवला आणि म्हणाला, "आजोबांना काही झालं नाही."

"म्हणजे बोट उलटत नाही असं नाहीच," वकीलबाई म्हणाली. तिचा आवाज विजयाचा नव्हता. ती फक्त नोंद करत होती. "तुम्ही बसलात म्हणून उलटत नाही. मग आम्ही शिकणार काय? तुमच्याबरोबर बसायला?"

दारात उभी असलेली ही टॉवेलात तोंड घालून हसली. मी टबाच्या काठावर, त्या गोळ्याशेजारी बसून राहिलो. मुलांनी गोळे काढले, पुन्हा बसवले, पुन्हा उलटवले. आता उलटवणे हाच खेळ झाला होता. माझ्या डोळ्यांपुढे इतक्या दिवसांच्या आकडेमोडीचे रकाने होते, आणि प्रत्येक रकान्यात मी होतो. रुंदी माझ्या वजनासकट, कल माझ्या वजनासकट, सुरक्षितता माझ्या वजनासकट. बोट मुलांसाठी निवडायची म्हणून बसलो आणि एकदाही मुलांना एकटे बसवून पाहिले नाही. ही चूक एखाद्या मासे पकडणाऱ्याने केली नसती, सुताराने केली नसती, त्या दलालानेसुद्धा केली नसती. ती करायला मोजणाऱ्याचा हिशेब वजा करा असे जन्मभर सांगत आलेला माणूसच लागतो. त्याला वाटते, ते आता आपल्या अंगवळणी पडले आहे. मला वाईट वाटायला हवे होते. त्याऐवजी जे वाटले ते मी जरा वेळ तपासून पाहिले, कारण ते चुकीच्या ठिकाणी आले आहे असा मला संशय होता. हाताने भिंत बराच वेळ जोर लावून रेटत उभे राहावे आणि मग बाजूला व्हावे, की हात आपोआप वर तरंगू लागतात. उचलण्याचा विचारही करावा लागत नाही. तसे काहीसे. सुटल्यासारखे वाटणे हा कशाचाही पुरावा नव्हे. पण ते होते, आणि दुसऱ्यांदा तपासल्यावरही होते.

संध्याकाळी लेक मुलांना न्यायला आली. मुले खाली अंगणात होती. मी तिला स्वयंपाकघरात बसवले आणि सांगितले, की मी बोटीत बसणार नाही. मग जिना सांगितला, बाही सांगितली, एका पायावरचे उभे राहणे सांगितले. या खेपेला स्पष्टीकरणे गाळली. ती माझ्याकडे, एखादी दाढ काढावी की ठेवावी हे ठरवताना बघावे तशी बघत होती.

"म्हणजे अट मोडली, बाबा."

"मोडली."

"मग त्यांच्याबरोबर कोण बसणार?"

"कुणी नाही. ती दोघंच. लहान होडी घेऊ, पेटीसारखी असते. त्यात मी मावतच नाही. ती उलटते."

"उलटते," ती म्हणाली.

"उलटणारच. म्हणून आधी उलटायलाच शिकवायचं, चालवायचं नंतर. जलाशयाच्या उथळ बाजूला, अंगात जाकिटं, पाणी कमरेइतकं. मी धक्क्यावर. घाबरतील. मग सरळ करतील."

तिने खुर्ची मागे सरकवली. मला वाटले, संपले. खालून ढब्बूचा आवाज येत होता. तो कुणाला तरी मी सात वर्षांचा नाही, साडेसात वर्षांचा आहे, असे समजावत होता. मग लेकीने चष्मा काढला, पदराने नव्हे, ओट्यावरच्या फडक्याने पुसला, जे हिला अजिबात चालत नाही, आणि हिने ते चालवून घेतले. "मला वाटत होतं तुम्हाला बसायचंय," ती म्हणाली. "हौस तुमची. नाही कसं म्हणायचं? म्हटलं, तुम्ही स्वतः बसणार असाल तर निदान जड, भक्कम अशी काहीतरी घ्याल. गेले कितीतरी दिवस माझ्या जिवाला घोर आहे, तो काय या दोघांचा? ती माशासारखी पोहतात. तुम्हाला पोहताना मी शेवटचं कधी पाहिलंय, सांगा बरं?"

तिची अट माझ्या हौसेसाठी होती, माझी बोट तिच्या अटीसाठी होती, आणि ज्यांच्यासाठी सगळे चालले होते ती दोघे आकडेमोडीत फक्त वजन म्हणून होती. "तुम्ही दोघं सरळ बोलत का नाही हो एकमेकांशी?" हिने विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता चहा टाकला. त्या चहाची चव मला आठवत नाही. लेक खुर्चीत जरा खाली घसरून, पाय लांब करून बसली होती, शाळेतून आल्यावर बसायची तशी; एवढे आठवते.

दलालाला मी पांढरी होडी पाहिजे म्हणालो तेव्हा तो माझ्यासाठी दुखावला. "साहेब, मग तुम्ही कुठे बसणार?" धक्क्यावर, मी म्हणालो. त्याने क्षणभर विचार केला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जुना उजेड आला. "मग धक्क्यासाठी एखादी घडीची खुर्ची दाखवू का? माझ्याकडे आहेत अजून." मी खुर्चीही घेतली. चांगली निघाली, पण मुले पहिल्यांदा पाण्यात उतरली त्या दिवशी मी तिच्यात बसू शकलो नाही.

जलाशयावर हलका, पुरेसा वारा होता. उथळ बाजूला तळाची वाळू दिसत होती. मुलांना सगळे कोरड्या जमिनीवर दाखवून झाले होते: होडीच्या मध्यातून खाली पाण्यात जाणारी उभी फळी, तिच्यावर उभे राहून वरचा काठ ओढायचा; शीड पाण्यातून सुटले की होडी उठते; मग बादलीने पाणी उपसायचे. वकीलबाईने विचारले, उठली नाही तर? मी म्हणालो, तर पुन्हा ओढायचं. "याला पद्धत म्हणतात?" हो, मी म्हणालो, यालाच. ती दोघे होडीत बसली आणि मी सांगितल्याप्रमाणे एकाच बाजूला झुकली. होडीने विचार केला नाही. पांढरे पोट वर आले, शीड पाण्यावर पसरले, आणि दोन्ही मुले त्याच्यामागे दिसेनाशी झाली.

माझे पाऊल पुढे पडले होते. ते मी पुढे टाकले नव्हते. धक्क्याच्या काठावर आलेले माझे बूट मला दिसले. शेजारी लेक धक्क्याच्या फळ्यांवर बसली होती आणि तिने आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते, तळव्यांवर बसावे तसे. शिडामागून आधी खोकला आला, मग ढब्बूचा आवाज. "मी फळीवर. मी जड आहे."

"मी मोठी आहे."

"मोठी आहेस, पण जड मी आहे. आजोबांनी तोललंय."

पाण्यात एक छोटा खटला चालला. निकाल आम्हाला ऐकू आला नाही. मग नारिंगी जाकिटातला ढब्बू फळीवर चढताना दिसला, घसरला, पुन्हा चढला, आणि काठाला लोंबकळून मागे रेलला. वकीलबाई पुढच्या बाजूने डोलकाठी वर ढकलत होती, जे मी शिकवले नव्हते आणि ज्याचा फारसा उपयोगही नव्हता. बराच वेळ काहीच हलले नाही. मी काय करायला हवे ते मोठ्याने सांगू शकलो असतो. माझे तोंड त्यासाठी उघडलेही असावे, कारण ते कोरडे पडले होते. मग शिडाचे एक टोक पाण्यातून सुटले, पाणी पन्हाळीतून यावे तसे गळू लागले, आणि होडी आधी नाखुशीने, मग एकदम उठली. ढब्बू आत पडला, शब्दशः, डोक्यावर. वकीलबाई काठावरून चढली. दोघांनी बादलीसाठी भांडत पाणी उपसले आणि ते एकमेकांच्या अंगावर टाकले, त्यामुळे काम लांबले. लेकीने मांड्यांखालून हात काढले. बोटांवर फळीच्या रेषा उमटल्या होत्या. ती त्या बघत हसत होती, आणि तिच्या हसण्यात मध्येच एक लांब श्वास मिसळला.

वकीलबाईने सुकाणू धरले. तिने हाताकडे पाहिले, दांड्याकडे पाहिले, पुन्हा हाताकडे पाहिले. "हा हलतोय," ती म्हणाली, तक्रार नव्हे, चौकशी. मी हो म्हणालो. शीड मात्र सैल फडफडत होते आणि होडी धक्क्यासमोर जागच्या जागी डुलत होती. ढब्बू शिडाचा दोर मांडीवर घेऊन आरामात बसला होता. वकीलबाईने वारा कुठून येतो ते पाहिले. तिची नजर वाऱ्याच्या दिशेने येत येत माझ्यावर थांबली.

"आजोबा, जरा बाजूला व्हा ना," ती म्हणाली. "तुमच्यामुळे वारा अडतोय."

इतक्या अंतरावर एका माणसाच्या शरीराने वारा मोजण्याइतका अडत नाही. शीड भरत नव्हते कारण दोर सैल होता, आणि ते तिला एका वाक्यात सांगता आले असते. मी बाजूला झालो. ढब्बूने, बहुधा कंटाळून, दोर ओढला. शीड भरले, होडी निघाली, आणि दोघांपैकी कुणीही मागे वळून पाहिले नाही. मी आणखी थोडा सरकलो.